फुजिनॉन एमके १८-५५ : किनाऱ्यावरच्या चार पावसाळ्यांनंतर

फुजिनॉन एमके १८-५५ मिमी टी२.९ ही व्हिडिओ चित्रणासाठी बनवलेली झूम लेन्स माझ्याकडे दुसऱ्याच्या हातून आली. पहिल्या मालकाने ती जाहिरातींच्या कामासाठी घेतली होती. पुढे त्याने फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा घेतल्यावर त्याला तिचा उपयोग उरला नाही, आणि मालवण-कुडाळ पट्ट्यात दशावतारी नाटके, लग्ने, पालख्या, मधूनच मासेमारीवरचा एखादा लघुपट असे मिळेल ते काम करणाऱ्या माझ्यासारख्याला परवडेल अशा किमतीत ती मिळून गेली. त्यानंतर चार पावसाळे उलटले आहेत. नव्या लेन्सचे खोके उघडून लिहिलेली परीक्षणे मी आवडीने वाचतो, पण खाऱ्या हवेत चार वर्षे काढलेल्या लेन्सचे परीक्षण माझ्या वाचनात आलेले नाही, म्हणून हा खटाटोप.

कंपनीने ही लेन्स फेब्रुवारी २०१७ मध्ये सोनीच्या ई माउंटसाठी (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याची खाच) जाहीर केली. त्याच वर्षी तिची ५०-१३५ मिमीची जोडीदार आली आणि पुढे फुजीच्या एक्स माउंटसाठी या दोन्ही लेन्स एमकेएक्स या नावाने निघाल्या. अमेरिकेत तेव्हा १८-५५ची किंमत ३,७९९ डॉलर होती, जी सिनेमाच्या झूम लेन्सच्या जगात स्वस्त आणि आमच्या जगात अर्थातच महाग म्हणावी लागेल. वजन ९८० ग्रॅम आहे. माझ्या सोनी एफएस५ कॅमेऱ्याची नुसती बॉडी साधारण ८३० ग्रॅम भरते, त्यामुळे नाकापेक्षा मोती जड ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते. लेन्सच्या नळीखाली रॉडवरचा आधार दिल्याशिवाय ही जोडी खांद्यावर घेऊ नये, असे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले, कारण सगळा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर येतो आणि माउंट सैल झाला की पुढे सांगणार असलेली सगळी दुखणी एकदम सुरू होतात.

लेन्सवर फोकस, झूम आणि आयरिस (प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारे) अशी तीन कडी आहेत आणि तिन्हींवर सिनेमाच्या मोटरला चालणारे ०.८ मॉड्यूलचे दाते आहेत. आयरिसचे कडे खटखट न करता सलग फिरते, त्यामुळे मंडपातून उन्हात जाणाऱ्या वरातीच्या मागे चालताना प्रकाश हळूहळू कमी करता येतो आणि पडद्यावर पायऱ्या दिसत नाहीत. टी२.९ यातील ‘टी’ म्हणजे लेन्समधून प्रत्यक्षात पार होणाऱ्या प्रकाशावरून काढलेला आकडा. ‘एफ’चा आकडा केवळ केंद्रांतर (झूमचा १८ ते ५५ मिमी हा आकडा; ५५ला चित्र जवळ येते, १८ला रुंद होते) आणि छिद्राच्या मापावरून निघतो आणि काचांमध्ये गमावलेला प्रकाश तो मोजत नाही. हा टी२.९ संपूर्ण झूममध्ये कायम राहतो. ई माउंटच्या या लेन्समध्ये ऑटोफोकस नाही, हादरे शोषणारी यंत्रणा नाही, आणि कॅमेऱ्याशी तिचा विजेचा कोणताही संबंध नसल्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर छिद्राचा आकडासुद्धा उमटत नाही. ज्यांना हे खटकते त्यांनी येथेच थांबावे हे उत्तम. मला स्वतःला तिच्यात मोटर आणि विजेचे भाग नाहीत ही गोष्ट किनाऱ्यावर वरदान वाटते, कारण खाऱ्या हवेत सर्वांत आधी दगा देतात ते विजेचे जोड.

आता ती मुळात घेतली कशासाठी, ते सांगतो. फोटोसाठी बनवलेल्या बहुतेक झूम लेन्समध्ये केंद्रांतर बदलले की फोकस सरकतो. फोटोग्राफर प्रत्येक फोटोच्या वेळी नव्याने ऑटोफोकस करत असल्यामुळे त्याला ते कळतही नाही, आणि लेन्स लहान व स्वस्त ठेवण्यासाठी बनवणाऱ्यांनी ही सवलत घेतलेली असते. व्हिडिओत मात्र झूम चालू असतानाचा प्रत्येक क्षण प्रेक्षकाला दिसत असतो. एमके ही पारफोकल, म्हणजे झूम केल्यावर फोकस न सरकणारी, लेन्स आहे. ५५ मिमीला जाऊन राजाच्या डोळ्यांवर फोकस धरावा, मागे १८ मिमीवर यावे, आणि पुन्हा पुढे जावे, तरी डोळे जसेच्या तसे टोकदार राहतात. झूम करताना किंवा फोकस फिरवताना तिची लांबीही बदलत नाही.

दशावताराचे चित्रण ज्याने केले असेल त्याला याची किंमत सांगावी लागणार नाही. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात, नाटक रात्री उशिरा उभे राहते, संवादांची संहिता लिहिलेली नसते, आणि कोणता नट केव्हा पुढे येऊन प्रेक्षकांकडे वळेल हे पखवाजवाल्यालाही काही क्षण आधीच कळते. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, संकासुर आला की तो एका जागी ठरत नाही, आणि आख्यानातील युद्धनृत्य सुरू झाले की दोन्ही वीर गिरक्या घेत रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. अशा वेळी मी आधी ५५ला फोकस धरून ठेवतो, मग मागे येतो, आणि हार्मोनियमचा सूर चढताना पुढे जायचे की नाही हे त्या क्षणी ठरवतो. हा निर्णय शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवता येणे हीच या लेन्सची माझ्या कामातली खरी कमाई आहे. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या एफ४च्या लेन्सच्या तुलनेत प्रकाशही जवळपास एक स्टॉप जास्त, म्हणजे दुपटीच्या घरात, मिळतो, आणि देवळासमोरच्या मंडपातील चार दिव्यांत तो एक स्टॉप चित्रातील दाणे कितीतरी कमी करतो.

पल्ला मात्र कमी पडतो, आणि हे घेण्यापूर्वीच हिशेब करून पाहावे. एफएस५च्या सेन्सरची रुंदी सुमारे २३.६ मिमी आहे. तीस फुटांवर उभे राहून ५५ मिमीला सुमारे तेरा फूट रुंदीचा पट्टा चौकटीत येतो, म्हणजे नट डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, पण चेहरा मिळत नाही. चेहऱ्यासाठी आठ फुटांवर जावे लागते, आणि जत्रेत रंगमंचापासून आठ फुटांवर गावातील सगळी लहान मुले बसलेली असतात. मी त्यांच्यातच मांडी घालून बसतो. ५०-१३५ विकत घेण्याचा विचार दर वर्षी येतो आणि दर वर्षी बँकेचे पासबुक पाहून परत जातो.

फोकसचे कडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २०० अंश फिरते. फोकस ओढण्यासाठी वेगळा माणूस असेल तर ही चैन आहे, कारण दोन फुटांचा फरकसुद्धा कड्यावर स्पष्ट अंतर व्यापतो. एकट्याने खांद्यावर कॅमेरा घेऊन काम करणाऱ्याला मात्र जवळच्या वस्तूवरून दूरच्या वस्तूवर जाताना मधेच पकड बदलावी लागते, आणि पकड बदलताना चित्र हलते. दोन जत्रांनंतर हाताला सवय लागली, तरी ही लेन्स एकट्या माणसासाठी आखलेली नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे.

मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळचे टिपण्याची, सोय चांगली आहे, पण तीच मला सर्वांत महागात पडली. नेहमीच्या वापरात ही लेन्स ०.८५ मीटरपेक्षा जवळचे टिपत नाही. मॅक्रो लावले की १८ मिमीच्या टोकाला ०.३८ मीटरपर्यंत जाता येते. कुडाळजवळच्या एका गावी जत्रेच्या रात्री नाटकाआधी मी नटांच्या रंगभूषेचे चित्रण करत होतो. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. पेटाऱ्याला टेकवलेला आरसा, बोटाने ओढलेली कपाळावरची रेघ आणि मुकुटाला आवळली जाणारी दोरी हे सगळे मॅक्रोत सुरेख मिळाले. तेवढ्यात बाहेर पखवाजावर थाप पडली, मी धावत जाऊन मुलांमध्ये बसलो, आणि मॅक्रोचे कडे पूर्ववत करायचे राहून गेले.

मॅक्रोत लेन्सचा पारफोकल गुण उरत नाही. ५५ला मी कडे फिरवून गणपतीवर फोकस मिळवला, तो मिळालाही, पण मागे आल्याबरोबर संपूर्ण रंगमंच धुक्यात गेल्यासारखा दिसू लागला. ज्यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यांवर काम केले आहे त्यांच्या मनात अशा वेळी एकच शब्द येतो, बॅक फोकस (लेन्स आणि सेन्सर यांच्यातील अंतराची जुळणी), आणि माझ्याही मनात तोच आला. लेन्सवर बॅक फोकस जुळवण्याची सोय असल्यामुळे मी अंधारात, मोबाइलच्या उजेडात, त्याची पकड सैल केली आणि चालू नाटकात तो ‘दुरुस्त’ करायला बसलो. आडदशावतार संपला तरी मी त्यातच होतो. पहाटे घरी येऊन पाहिले तेव्हा मॅक्रो लागलेलेच होते, आणि मुळात बरोबर असलेला बॅक फोकस मी स्वतःच्या हाताने बिघडवून ठेवला होता. ज्या मंडळासाठी हे काम केले त्यांचा पहिला अर्धा तास गेला तो गेलाच. त्यांनी पैसे कापले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

या चुकीमुळे बॅक फोकसचा अभ्यास मात्र नीट झाला. लेन्सच्या बसण्याच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ई माउंटमध्ये १८ मिमी असते, आणि लेन्स या अंतरावर अगदी काटेकोरपणे बसली तरच पारफोकल गुण टिकतो. तिला ०.१ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीएवढे, पुढे बसवले असे समजू. अनंतावर लावलेला फोकस प्रत्यक्षात कोठे पडेल हे काढायला केंद्रांतराचा वर्ग करून त्याला या चुकीने भागावे. ५५चा वर्ग ३,०२५ येतो, म्हणजे फोकस सुमारे ३० मीटरवर पडतो, तर १८चा वर्ग ३२४ येतो आणि फोकस थेट ३.२ मीटरवर येऊन पडतो. चूक तीच, पण दोन टोकांना तिचा परिणाम इतका वेगळा. ५५ला आपण फोकसचे कडे फिरवून ती नकळत भरून काढतो, आणि मागे आल्यावर ती उघडी पडते. पुढे झूम केलेले चित्र स्वच्छ आणि मागचे मऊ, हे बॅक फोकस बिघडल्याचे ठरलेले लक्षण आहे. मॅक्रो विसरल्याचे लक्षणही हेच असते, म्हणून पकड सैल करण्यापूर्वी मॅक्रोच्या कड्यावर बोट फिरवून खात्री करण्याची सवय मी लावून घेतली आहे.

जुळवण्याची पद्धत जुनीच आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. केंद्रातून काळ्या-पांढऱ्या पाकळ्या निघालेला तारा, ज्याला सीमेन्स स्टार म्हणतात, तो कागदावर छापून घ्यावा. आमच्या पडवीच्या चिऱ्याच्या भिंतीवर तो कायमचा चिकटवलेला आहे. त्यापासून सुमारे तीन मीटरवर कॅमेरा ट्रायपॉडवर लावतो, आयरिस पूर्ण उघडतो, आणि उजेड जास्त असेल तर कॅमेऱ्यातील एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा फिल्टर, लावून तो कमी करतो. आयरिस मिटवून उजेड कमी करण्याची चूक करू नये, कारण छिद्र लहान झाले की फोकसची खोली वाढते आणि जी चूक शोधायची तीच लपते. मग ५५ला जाऊन फोकसच्या कड्याने ताऱ्याचे केंद्र जास्तीत जास्त टोकदार करायचे, कड्याला हात न लावता १८ला यायचे आणि आता फक्त बॅक फोकस फिरवून तेच केंद्र टोकदार करायचे. पुन्हा ५५, पुन्हा १८. एका फेरीत कधीच भागत नाही, तीन-चार फेऱ्यांनंतर दोन्ही टोके एकमेकांशी जुळतात, आणि मग पकड घट्ट करायची. या सगळ्यात कॅमेऱ्यावरचे चित्र मोठे करून पाहण्याचे बटण सतत वापरावे, लहान पडद्यावर डोळा फसतो.

मी हे दर महिन्याला एकदा आणि प्रत्येक मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी करतो. मे महिन्यात बंद गाडीत लेन्स राहिली तर त्या संध्याकाळी आवर्जून करतो. अ‍ॅल्युमिनियमची २०० मिमी लांबीची नळी तीस अंशांनी तापली तर सुमारे ०.१४ मिमी वाढते, आणि लेन्सच्या रचनेत याचा विचार केलेला असतो हे मान्य करूनही केसाएवढ्या चुकीने काय होते ते वर पाहिलेच आहे. मधल्या काळात एकदा आतून सफाई करण्यासाठी लेन्स मुंबईतील एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली होती. काचा लखलखीत होऊन आल्या आणि बॅक फोकस पार बिघडून आला. फोन केला तर उत्तर मिळाले, ‘कॅमेरा तपासून घ्या.’ पडवीतल्या ताऱ्यासमोर अर्ध्या तासात काम झाले, म्हणून वाद वाढवला नाही. जवळचा जाणकार दुरुस्तीवाला पाचशे किलोमीटरवर असताना ही जुळवाजुळव घरी करता येणे, हा माझ्या दृष्टीने चित्राच्या दर्जाइतकाच मोठा गुण आहे. फोटोच्या लेन्समध्ये ही सोय वापरणाऱ्याच्या हाती दिलेली नसते.

समुद्राबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. वायरी-तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण ओढतानाचे चित्रण मी दोन हंगाम केले. दोराच्या दोन टोकांना माणसे, मधे जाळ्याचा घेर, आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा खारा वारा. तासाभरात पुढच्या काचेवर जो थर बसतो तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त सूर्याकडे कॅमेरा वळवला की चित्र पांढुरके पडते आणि काळे रंग राखाडी होतात. पहिल्या वर्षी मी हा लेन्सचाच दोष समजलो होतो. तेथील एका म्हाताऱ्या रापणकाराने मला रुमालाने काच पुसताना पाहिले आणि विचारले, ‘झिला, आमी इंजिनाक गोडा पाणी मारतंव, तू ह्या काचेक काय मारतंस?’ लेन्सवर पाणी मारता येत नाही हे खरे, कारण ही लेन्स पाण्यापासून सुरक्षित आहे असे समजून मी कधीच चालत नाही, पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. मीठ कोरड्या कापडाने पुसले तर त्याचे कण काचेच्या लेपावर घासले जातात. ते आधी विरघळायला हवे, आणि लेन्स पुसण्याच्या बाजारातील द्रवात अल्कोहोल असले तर त्यात मीठ फारसे विरघळत नाही, त्याला पाणीच लागते.

तेव्हापासून माझ्या पिशवीत इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याची छोटी बाटली असते. आधी लेन्सचे तोंड खाली करून रबरी ब्लोअरने वाळू उडवायची, मग मऊ ब्रश, मग लेन्सच्या कागदाची गुंडाळी पाण्यात किंचित ओली करून मध्यापासून कडेकडे अलगद फिरवायची, आणि प्रत्येक फेरीला कागद नवा घ्यायचा. पाण्याचा थेंब काचेवर टाकायचा नाही, कागदावर टाकायचा, नाहीतर तो कडेने आत उतरतो. लेन्सचा द्रव शेवटी, बोटांचा तेलकटपणा काढण्यासाठी. खरे तर पुढच्या काचेला हात लावण्याची वेळच येऊ नये म्हणून मी ८२ मिमीचा संरक्षक फिल्टर कायम लावून ठेवतो, आणि वरील सगळे संस्कार त्या फिल्टरवर होतात. फिल्टरची कड पितळेची घ्यावी. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेचा माझा पहिला फिल्टर खाऱ्या हवेत आट्यांमध्ये असा बसला की तो काढताना शेवटी काच फुटली. आता पितळेचा असला तरी दर रविवारी एकदा सोडवून आटे ब्रशने झाडतो आणि परत बसवतो.

वाळूचा एक कण झूमच्या कड्याखाली गेला की कडे फिरताना बारीक करकर जाणवते, ऐकू येण्याच्या आधी बोटांना कळते. अशा वेळी कडे मुळीच फिरवू नये. त्या दिवसाचे काम १८ मिमीवरच संपवावे आणि घरी येऊन ब्लोअरने सगळ्या बाजूंनी हवा मारावी. माझ्या लेन्सला असे दोनदा झाले, दोन्ही वेळा कण निघाला. लेन्स बदलण्याचे काम किनाऱ्यावर मी करतच नाही, आणि झूम लेन्स असल्याचा हाही एक फायदा आहे.

जूनपासून शत्रू बदलतो. मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की स्वतःच पाणी ओढून ओले होते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती ९० टक्क्यांच्या घरात असते. त्यामुळे उन्हाळ्यात न पुसता राहिलेले मीठ जुलैत धातूवर ओलेच बसून राहते. त्यात बुरशीची भर पडते. तिचे बीजाणू सगळीकडे असतातच, त्यांना हवी असते साधारण ६५-७० टक्क्यांवरची आर्द्रता, अंधार, न हलणारी हवा आणि खायला बोटांचे तेल किंवा धूळ. कापडी अस्तराची बंद कॅमेरा बॅग यांपैकी सगळे पुरवते. बुरशी वाढली की ती नुसती काचेवर बसत नाही, तिच्या आम्लाने काचेवरचा लेप खाल्ला जातो, आणि नंतर ती पुसली तरी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी तशीच राहते.

विजेवर चालणारे ड्राय कॅबिनेट हा यावरचा उत्तम उपाय आहे, परंतु आमच्या वाडीत वादळी पावसात वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून मी रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, अर्धा किलो सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक एवढ्यावर भागवतो. डब्यात ४५ टक्क्यांच्या आसपास आकडा ठेवतो. तीस टक्क्यांच्या खाली फार दिवस नेऊ नये, वंगण आणि रबर कोरडे पडण्याची भीती असते. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या कढईत मंद आचेवर ढवळत पुन्हा निळे होईपर्यंत तापवतो. ही कढई स्वयंपाकाची नव्हे, हे घरात एकदा स्पष्ट करून घ्यावे लागले. स्वस्त आर्द्रतामापक खरे बोलतो की नाही हे तपासायला पुन्हा मीठच उपयोगी पडते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ पाण्याने नुसते भिजवायचे, ते आणि मापक एका बंद डब्यात बारा तास ठेवायचे, आणि काटा ७५वर यायला हवा. माझा ८१वर गेला होता, म्हणून मी त्याच्या आकड्यातून सहा वजा करतो. लेन्स तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला मला आजवर निदान दहा जणांनी दिला असेल. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, आणि त्याचा पिठूळ कोंडा कड्यांच्या फटीत जातो तो वेगळाच.

लेन्स चार महिने डब्यात पडूनही राहू देत नाही. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तिन्ही कडी या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-दहा वेळा फिरवतो, मोबाइलची बत्ती मागच्या बाजूने लावून तिरक्या कोनातून काचांत पाहतो, आणि परत ठेवतो. चार पावसाळ्यांत बुरशी नाही. मागच्या गटातील एका काचेवर धुळीचे दोन कण मात्र आहेत, जे चित्रात कधीच दिसलेले नाहीत. झूमचे कडे नव्या लेन्सपेक्षा थोडे हलके फिरते असे मला वाटते.

वातानुकूलित गाडीतून किंवा हॉलमधून बाहेर पडताना काचेवर दव धरते, कारण थंड लेन्स बाहेरच्या दमट हवेच्या दवबिंदूपेक्षा खाली असते. पुसून काही होत नाही, पुसले की पुन्हा धरते. थंड जागेतच लेन्स प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी आणि बाहेर आणून अर्धा तास पिशवीतच राहू द्यावी, म्हणजे दव पिशवीच्या बाहेर धरते. लग्नाच्या हॉलमधून वरातीसाठी बाहेर यायचे असेल तर मी जेवणाच्या पंगतीच्या वेळीच ही पिशवी दारापाशी ठेवून देतो.

कुडाळचा एक मित्र येत्या जत्रांसाठी ही लेन्स चार रात्री मागतो आहे. द्यायला हरकत नाही. डब्यात मी ताऱ्याचा कागद घडी करून ठेवला आहे, पाण्याची बाटली भरली आहे, आणि मॅक्रोच्या कड्यावर तांबड्या चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकला आहे.